परदेशी आशियाई अध्ययन विभाग आणि त्र्यंबकक्षेत्र

युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांमधून आशियाई अथवा दक्षिण आशियाई अध्ययनाचे जे विभाग चालतात, त्यांची वार्तापत्रके मराठीच्या अभ्यासकांकडून क्वचितच वाचली जातात. आगामी व्याख्याने, उन्हाळी भाषावर्ग, क्षेत्राभ्यासाचे दौरे, परिषदा, नवी प्रकाशने असा मजकूर त्यांत असतो. वरवर पाहता या केवळ कार्यालयीन सूचना होत. परंतु कोणता प्रदेश, कोणती भाषा आणि कोणता ग्रंथ ज्ञानव्यवहाराचा विषय म्हणून स्वीकारला गेला, याची ती कालानुक्रमिक नोंदही असते. एखाद्या क्षेत्राचे नाव या नोंदींत कोणत्या निमित्ताने येते आणि कोणत्या निमित्ताने येत नाही, हे तपासले असता त्या अभ्यासाची दिशा व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. त्र्यंबकेश्वराच्या संदर्भात असा तपास करण्याची आज विशेष निकड आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थपर्वाचा आरंभ आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने योजिलेली आहेत. अशा पर्वाच्या सुमारास जगभरच्या विभागांचे लक्ष या गावाकडे वळते. ते कशाकडे वळावे, हा खरा प्रश्न आहे.

१. संहितेच्या वाटेने

त्र्यंबकक्षेत्र परदेशी विद्यापीठांत प्रथमतः पोहोचले ते संस्कृत संहितेच्या वाटेने. गौतम ऋषीवर आलेले गोहत्येचे बालंट, त्याने केलेली शिवाची आराधना आणि त्यातून झालेले गोदावरीचे अवतरण ही कथा ज्यात विस्ताराने येते, ते ‘गौतमीमाहात्म्य’ ब्रह्मपुराणात समाविष्ट आहे. मूलतः तो स्वतंत्र ग्रंथ असावा आणि मागाहून पुराणाला जोडला गेला असावा, असे मत अभ्यासकांत प्रचलित आहे. जर्मनीतील ट्यूबिंगन विद्यापीठात पुराणांच्या अभ्यासाचा जो प्रकल्प चालला, त्यात पेटर श्रायनर आणि रेनाटे झ्योनन यांनी ब्रह्मपुराणाची संहिता व तिच्या शब्दसूची १९८७ मध्ये आणि आशयाचा सारांश १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण पुराणाची शब्दसूची सिद्ध करण्याचा तो आरंभीच्या काळातील महत्त्वाचा प्रयत्न होय.

या कार्याचे मोल वादातीत आहे. मात्र संहितेतील गौतमी ही मुख्यतः तीर्थांची माळ आहे. ब्रह्मगिरीवर गंगाद्वारी प्रकटणारी, लुप्त होऊन कुशावर्तात पुन्हा दिसणारी आणि त्या कुंडाच्या पायऱ्यांवर आजही ‘गंगा’ म्हणूनच संबोधली जाणारी नदी संहितेच्या सूचीत मावत नाही. विंध्याच्या उत्तरेची ती भागीरथी आणि दक्षिणेची ती गौतमी, हा पुराणाचा सिद्धान्त लोकव्यवहारात कसा जगला, हे समजण्यासाठी मराठीकडेच वळावे लागते.

२. भाषा व संप्रदाय यांच्या वाटेने

मराठीचा परदेशी विद्यापीठांतील अभ्यास हा प्रायः व्यक्तिनिष्ठ राहिला आहे. फ्रान्समध्ये ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला प्रबंध १९२० मध्ये ग्रंथरूपाने आला आणि १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. पुढे शार्लोत व्होदव्हील यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा फ्रेंच अनुवाद व अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत इयन रेसाइड यांनी महानुभाव वाङ्मय व बखरी यांवर काम केले. जर्मन विदुषी कॅथरिना कीनले यांचे ज्ञानदेवांच्या नावावरील योगपर पदांचे व महाराष्ट्रीय नाथांच्या शिकवणीचे संशोधन १९९७ मध्ये प्रकाशित झाले.

यांपैकी शेवटच्या कामाचा त्र्यंबकाशी संबंध अधिक निकटचा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दिलेली गुरुपरंपरा आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी व निवृत्ती या क्रमाने ज्ञानदेवांपर्यंत येते. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने कुटुंबापासून दुरावलेल्या निवृत्तीला गुहेत गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, ही कथा याच डोंगराशी निगडित आहे. आणि निवृत्तिनाथांची समाधीही त्याच्या पायथ्याशी आहे. म्हणजे ज्या ठिकाणी नाथपरंपरा वारकरी परंपरेला मिळाली असे संप्रदाय मानतो, ते ठिकाण त्र्यंबकेश्वर होय. असे असूनही ज्ञानदेवविषयक परदेशी अभ्यासात आळंदी व पंढरपूर यांना जे स्थान मिळाले, ते त्र्यंबकाला मिळाले नाही. पौष वद्य एकादशीला उत्तर महाराष्ट्रातून येणाऱ्या दिंड्या आणि ज्येष्ठात पंढरीकडे प्रस्थान ठेवणारी निवृत्तिनाथांची पालखी यांचा सविस्तर अभ्यास हे अद्याप अपुरेच राहिलेले कार्य आहे. शैव ज्योतिर्लिंगाच्या गावी वैष्णव वारीचा आद्यगुरू विसावला आहे, या वस्तुस्थितीचा अर्थ लावणे हे मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने किरकोळ काम नव्हे.

३. प्रदेशाच्या वाटेने

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियाई अध्ययनाचे स्वरूप पालटले. ग्रंथाबरोबर प्रत्यक्ष प्रदेश हाही अभ्यासविषय झाला. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतील गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांचा शोध धनगरांच्या वाड्यांवर हिंडून घेतला. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांवरील ग्रंथ १९९५ मध्ये आणि तीर्थयात्रा व भौगोलिक कल्पना यांवरील ग्रंथ २००३ मध्ये सिद्ध केला. महानुभावांचे सूत्रपाठ, गोविंदप्रभूंचे चरित्र, स्थलमाहात्म्ये आणि नदीकाठच्या माणसांच्या मुलाखती अशी चौपदरी सामग्री त्यांनी वापरली. शंकर गोपाळ तुळपुळे यांच्या सहकार्याने त्यांनी केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये पूर्ण झाला. लोकांच्या मनातील प्रदेश हा राजकीय नकाशातून नव्हे, तर नद्या, जत्रा व कावडी यांच्या येण्याजाण्यातून आकारास येतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

हीच दृष्टी त्र्यंबकास लावली असता काही अलक्षित विषय समोर येतात. त्र्यंबकचा परिसर आदिवासीबहुल आहे. धनगरांच्या दैवतांना सोन्थायमरांनी जो न्याय दिला, तो या परिसरातील महादेव कोळी, कोकणा, वारली समाजांच्या डोंगरदैवतांना व ब्रह्मगिरीविषयीच्या त्यांच्या कथनांना तितक्या विस्ताराने मिळालेला नाही. दुसरा विषय तीर्थोपाध्यायांकडील नामावळीच्या वह्यांचा. यात्रेकरूचे कूळ, गाव, पूर्वजांची नावे व येण्याचे कारण यांच्या नोंदी पिढ्यान्पिढ्या केल्या गेल्या असून जुना मजकूर मोडीत आहे. हरिद्वार येथील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण विसाव्या शतकातच वंशावळींच्या अभ्यासासाठी झाले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्यांत वंशावळीहून अधिक काही सापडेल : व्यक्तिनामांची बदलती रीत, ग्रामनामांची जुनी रूपे, आणि शिक्षा वा शैलीचे संस्कार न झालेले व्यावहारिक मराठी गद्य.

४. ‘सिंहस्थ’ की ‘कुंभमेळा’?

अलीकडच्या काळात परदेशी विभागांचे लक्ष मेळ्याच्या आकाराकडे अधिक गेले आहे. हार्वर्ड विद्यापीठाने २०१३ च्या प्रयाग कुंभाचा अभ्यास ‘क्षणभंगुर महानगर’ या दृष्टीने केला व त्याचा ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००८ मध्ये कामा मॅक्लीन यांनी प्रयागच्या कुंभाचे आजचे रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडल्याचे प्रतिपादन केले होते. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यांची चौकट जशीच्या तशी गोदातीरावर आणणे धोक्याचे ठरेल.

याचे कारण शब्दातच आहे. मराठीत या पर्वाचे रूढ नाव ‘सिंहस्थ’ असे आहे. गुरू सिंह राशीत असता सर्व तीर्थे गोदावरीत येतात, ही त्यामागील धारणा. गुरू कन्या राशीत गेला की कृष्णेचे ‘कन्यागत’ येते. म्हणजे ही कालगणना गुरूच्या राशीसंक्रमणावर व नद्यांच्या मालिकेवर आधारलेली आहे. अमृतकुंभाच्या थेंबांच्या व चार स्थानांच्या कथेशी तिचे जोडले जाणे हा वेगळा धागा आहे. सिंहस्थात विवाहादी कार्ये वर्ज्य मानण्याचा प्रघातही मेळ्याचा नसून काळाचा आहे. त्र्यंबकास शैव आखाडे व नाशिकास वैष्णव आखाडे ही विभागणी अठराव्या शतकाच्या अखेरच्या संघर्षाशी व पेशव्यांच्या निर्णयाशी जोडली जाते. त्याच शतकात नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर बांधावयास घेतले होते. यास्तव सिंहस्थाचा इतिहास हा मराठी सत्तेच्या व मराठी कागदपत्रांच्या इतिहासापासून तोडता येत नाही. जो अभ्यासक केवळ ‘कुंभमेळा’ हा शब्द घेऊन येईल, त्याला गर्दी दिसेल. ‘सिंहस्थ’ हा शब्द कळला तरच त्याला पर्व दिसेल.

५. पुढील कार्य

परदेशी विभागांतील मराठीचा अभ्यास व्यक्तींवर अवलंबून राहिला, हे वर सूचित केलेच आहे. जेथे भाषेचे स्थायी पद नसते, तेथे एक प्राध्यापक निवृत्त झाला की अध्यापन थांबते आणि पुढील पिढीला इंग्रजी व हिंदीच्या मध्यस्थीने महाराष्ट्राकडे पाहावे लागते. त्र्यंबकासारख्या क्षेत्राच्या बाबतीत ही मध्यस्थी विशेष हानिकारक आहे. कारण वह्या मोडीत, अभंग मराठीत आणि डोंगरकथा बोलींत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मराठी भाषा, साहित्य व संस्कृतीच्या विशेष केंद्राचे उद्घाटन झाले. त्या केंद्राला ज्यांचे नाव दिले आहे, ते कुसुमाग्रज नाशिकचे. या घटनांचे महत्त्व समारंभापुरते राहू नये, अशी इच्छा असेल तर अभ्यासविषयांची मांडणी मराठी विभागांनीच करावयास हवी.

ती मांडणी फार खर्चिक नाही. नामावळीच्या वह्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या संमतीने व कुटुंबांच्या खासगीपणाची बूज राखून त्यांची प्रतिचित्रे घेणे. मोडी वाचणारे विद्यार्थी तयार करणे. पौषातील यात्रेत म्हटल्या जाणाऱ्या अभंगांचे व ब्रह्मगिरीच्या परिसरातील कथनांचे ध्वनिमुद्रण करणे. आणि सिंहस्थविषयक शब्दांचा एक लहानसा कोश रचणे, एवढे कार्य एका विभागाच्या आवाक्यातील आहे. २०२७ च्या पर्वात परदेशी अभ्यासक येतील, छायाचित्रे व आकडेवारी घेऊन परततील. त्या वेळी त्यांच्या हाती ठेवण्याजोगी मराठी साधने सिद्ध असतील, तर पुढील वार्तापत्रकांत त्र्यंबकेश्वराचे नाव मेळ्याचे ठिकाण म्हणून नव्हे, तर एक वाङ्मयक्षेत्र म्हणून येईल. तशी साधने सिद्ध नसतील, तर अशी संधी पुन्हा गुरू सिंह राशीत येईपर्यंत, म्हणजे बारा वर्षांनी येईल; आणि जीर्ण वह्यांचे कागद व वृद्ध कथनकारांची स्मृती तितका काळ थांबतीलच, असे मानण्यास आधार नाही.