आबांचा रकाना

आपल्या घरी आठवी-नववीत शिकणारे नातवंड असेल, तर ५ ते १२ नोव्हेंबर या आठवड्यातील त्याची वही एकदा जरूर मागून पाहा. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला काळ महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. काही शाळा मुलांना परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी करायला सांगतात. मुले त्या करतात, शिक्षक सही करतात आणि वही कपाटात जाते. शिर्डीतील आमच्या शेजारच्या घरातली एक वही मात्र कपाटात गेली नाही. तिचीच ही हकिकत.

वही नववीतल्या मुलीची. तिचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ७८ वर्षांचे. जन्मभर शेती केलेले. गेली दोन वर्षे ते घरात असून नसल्यासारखे झाले होते. जेवताना बोलत नसत, विचारले एक तर उत्तर दुसरेच देत, लग्नकार्यात कोपरा धरून बसत. ‘आता त्यांना विसर पडू लागला,’ असे घरच्यांनी मनाशी ठरवूनही टाकले होते. नातीबरोबर पहाटे कोणी मोठे माणूस हवे होते आणि इतरांना सवड नव्हती, एवढ्याच कारणाने आबांची नेमणूक झाली.

नगर-मनमाड रस्त्यावरची वर्दळ आणि निवासांच्या पाट्या पाहिलेल्या माणसाला शिर्डीत पक्षी कुठले, असे वाटेल. पण गावाबाहेर राहात्याच्या दिशेने थोडे गेले की उसाचे फड लागतात, पेरूच्या बागा लागतात. या भागाला पाणी मिळते ते गोदावरीच्या उजव्या कालव्याचे. तो कालवा निघतो नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे ते पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ ठरले. हिवाळ्यात तेथे पाहुण्या बदकांचे थवे उतरतात. चारीच्या काठावर बदके नव्हती, तरी पहिल्या दिवशी शेपटी वरखाली नाचवणारा पांढरा धोबी दिसला. तोही उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणाच. तारांवर वेडे राघू आणि कोतवाल, झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास अशी यादी वाढत गेली.

तिसऱ्या दिवशी मोठा थवा डोक्यावरून वळला. मुलीने पुस्तकात पाहून ‘पळसमैना’ असे लिहिले. आबा म्हणाले, “भोरड्या म्हणतात यांना.” मग ज्वारी राखायला माळ्यावर बसून गोफण कशी फिरवत, हे ते अर्धा तास सांगत राहिले. घरात इतके सलग बोललेले त्यांना कोणी बरेच दिवसांत ऐकले नव्हते.

मुलीचा एक नियम होता. नुसत्या आवाजावरून पक्षी नोंदवायचा, तर तो दोघांनी ऐकलेला असावा. म्हणून तिने वहीत ‘आबा’ असा स्वतंत्र रकाना आखला. टिटवी, भारद्वाज, होला, कावळा यांच्यापुढे खुणा पडल्या. शिंजीर, धोबी, चष्मेवाला यांच्यापुढे जागा कोरी राहिली. आबांचे लक्ष नसते, असे तिला वाटले. पाचव्या दिवशी पेरूच्या फांदीवर हातभर अंतरावर चष्मेवाल्यांचा घोळका किलबिलत होता. आबा टक लावून पाहत होते. म्हणाले, “चोची तर उघडतात गं, पण आवाज कुठंय?”

वाचकहो, येथे क्षणभर थांबू. वयोमानाने अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी झिजतात, तेव्हा प्रथम जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. हे इतके सावकाश होते की ज्याचे ऐकणे कमी झाले त्यालाच ते कळत नाही. स, श, फ, थ ही व्यंजने बव्हंशी त्याच वरच्या पट्टीत असतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला बोलणे ‘ऐकू येते’, पण ‘उमगत’ नाही आणि तो अंदाजाने उत्तर देतो. आपण ओरडलो तर स्वरच मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, चेहरा दिसेल असे, जरा संथ बोलावे आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. याचा उपयोग ओरडण्यापेक्षा पुष्कळ अधिक.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत ऐकण्यातील घट ही स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींत गणली आहे. श्रवणयंत्र लावले की स्मृती सुरक्षित, असा याचा अर्थ नव्हे. पण न ऐकू येण्यालाच विसराळूपणा समजून बसणे हा अन्याय मात्र आपण टाळू शकतो. पक्ष्यांची वही म्हणजे तपासणी नव्हे, हेही लक्षात असू द्या. कानात साधा मळ असू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतची श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आबांची चाचणी झाली. दोन्ही कानांची वरची पट्टी खालावलेली निघाली. यंत्र आले. पहिले काही आठवडे ते वैतागले, कारण भांड्यांचा आवाज अंगावर येई. हे अनेकांचे होते आणि काही यंत्रे याच काळात कपाटात जातात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला, तर मेंदूला सवय होते.

आपल्या घरच्या वृद्धांना असे घेऊन जाणार असाल, तर आधी थांबायचे आणि मगच वर पाहायचे, हा नियम पक्का करा. चालता चालता मान उंचावली की तोल जातो. दुर्बिणीने हात थरथरत असतील, तर कोपरे भिंतीवर टेकवू द्या. आणि हौसेपोटी गच्चीत कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते.

सप्ताह संपला, तरी वही चालू राहिली. फेब्रुवारीच्या पानावर ‘आबा’ रकान्यात चष्मेवाल्यापुढे खूण आहे. शिंजीराची जागा अजून कोरीच. यंत्रालाही तितकी वरची पट्टी गाठता येत नसावी. आबांचे म्हणणे असे की, तो पक्षी मुळातच कमी बोलतो. नात हे मान्य करत नाही आणि त्यावरून दोघांचा रोज सकाळी वाद होतो.