डॉक्टर रागावतील म्हणून...

माझी आई ७८ वर्षांची असताना तिच्या कपाटातील चिवड्याच्या जुन्या डब्यात मला रक्तदाबाच्या गोळ्यांच्या अकरा पट्ट्या सापडल्या. एकाही पट्टीतील गोळी फोडलेली नव्हती.

त्याआधीचे आठ महिने आम्ही एका नामवंत तज्ज्ञांकडे दर दोन महिन्यांनी जात होतो. प्रत्येक भेटीत रक्तदाब वाढलेलाच असे. आधी मात्रा वाढली, मग दुसरी गोळी आली, पुढे तिसरी. आई मान डोलावीत असे आणि मी फी देत असे. खरा प्रकार असा होता की, पहिल्याच गोळीने तिला सकाळी उठताना घेरी येऊ लागली होती. दुसऱ्या भेटीत तिने ते सांगण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारले, ‘‘डॉक्टर मी आहे की तुम्ही?’’ खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून गोळ्या डब्यात जाऊ लागल्या.

पुढे न्यूमोनियामुळे तिला रुग्णालयात ठेवावे लागले. तेथील परिचारिकांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या तिन्ही गोळ्या अगदी वेळेवर दिल्या. ज्या शरीराला एकाही गोळीची सवय नव्हती, त्याला तिन्ही एकदम मिळाल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे स्नानगृहाकडे जाताना ती कोसळली आणि तिचे मनगट मोडले. यात रुग्णालयाचा काही दोष नव्हता. कागदावर होते तेच त्यांनी केले, आणि कागदावरचे खरे नव्हते हे फक्त आईला ठाऊक होते. ‘‘आधी बोलली का नाहीस?’’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, डॉक्टर रागावले असते ना!’’

गर्विष्ठपणाकडे आपण स्वभावदोष म्हणून पाहतो. तो आरोग्याचाही प्रश्न असू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

कोणत्या व्यवसायात गर्विष्ठ माणसे अधिक, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असते. कुणी डॉक्टरांचे नाव घेतो, कुणी वकिलांचे, कुणी सरकारी अधिकाऱ्यांचे, तर कुणी गवयांचे किंवा संपादकांचे. मी ३१ वर्षे महाविद्यालयात शिकवले आहे, त्यामुळे प्राध्यापकांना या यादीतून वगळण्याचा मला अधिकार नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात जेवणाच्या पानावर मी काहीतरी समजावून देत असताना मुलगी म्हणाली होती, ‘‘बाबा, हजेरी घ्यायची राहिली.’’ अशी यादी करण्यात फारसा अर्थ नाही. पण त्यातल्या व्यवसायांची ठेवण पाहण्यात आहे. समोरचा माणूस गरजेपोटी आलेला असतो. आपण सांगतो ते बरोबर की चूक, हे तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. आणि ‘तुमचे चुकते आहे’ असे सांगू शकेल अशा माणसाची, म्हणजे साहाय्यकाची, कनिष्ठाची, विद्यार्थ्याची भाकरी आपल्याच हाती असते. या गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे पावसाळ्यातल्या गवतासारखा अहंकार उगवतो. तो मुद्दाम पेरावा लागत नाही.

गर्विष्ठ माणसेच असे व्यवसाय निवडतात, की व्यवसाय त्यांना तसे घडवतो? थोडेफार दोन्ही होत असेल. परंतु माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाविषयीची सहानुभूती पहिली दोन वर्षे टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी लक्षणीय घसरते, असे त्यात आढळले. तिसरे वर्ष म्हणजे विद्यार्थी पुस्तकांतून उठून प्रत्यक्ष रुग्णांमध्ये जातो ते वर्ष. अपुरी झोप, कामाचा डोंगर, वरिष्ठांची चारचौघांतली बोलणी आणि त्याच वरिष्ठांचे अनुकरण, अशा वातावरणात अठराव्या वर्षी सेवेच्या भावनेने आलेला मुलगा आपले मन एका कवचात बंद करून घेतो. ते कवच बाहेरून गर्वासारखे दिसते आणि काही वर्षांनी खरोखरच गर्व होऊन बसते.

याची जुनी आणि दारुण कहाणी व्हिएन्नाची आहे. तेथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या मातांचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होते आणि हे गावातल्या बायकांना ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला १८४७ मध्ये कारण उमगले. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीच्या खोलीत जात होते. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले.

एवढे लख्ख प्रमाण समोर असूनही व्यवसायातील मातब्बरांनी ते मानले नाही. जंतूंचे शास्त्र तेव्हा पुढे यायचे होते, हे एक कारण झाले. पण दुसरेही होते. आपल्या सुसंस्कृत हातांनी माता मरतात, हे मान्य करणे त्यांना जड जात होते. सेमेलवाइसची नेमणूक १८४९ मध्ये पुढे वाढवली गेली नाही. या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. आपल्या शोधाचे सविस्तर पुस्तक लिहायला त्याने १८६१ पर्यंत वेळ लावला. आणि विरोध झाला तेव्हा नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून खुनी ठरवले. ज्यांना पटवायचे होते, त्यांना त्याने शत्रू केले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचा अंत झाला. एका बाजूचा अहंकार चुकीचा होता आणि दुसऱ्या बाजूचा बरोबर. पण दोन अहंकारांच्या मध्ये बाळंतिणी मरत राहिल्या.

विमानचालकांचा व्यवसायही एके काळी असाच होता. कॅप्टनचा शब्द अखेरचा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. डच कंपनीच्या विमानाचे कॅप्टन हे कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते. इतरांना प्रशिक्षण देणारे, कंपनीच्या जाहिरातीत झळकणारे. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्यांनी विमान धावपट्टीवर सोडले. समोरचे अमेरिकन विमान अजून धावपट्टीवरच नसेल ना, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कॅप्टननी ती ठामपणे उडवून लावली आणि इंजिनिअर गप्प झाला. काही क्षणांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. धुके होते, रेडिओवरील संदेश एकमेकांत मिसळले होते, हे सारे खरे. पण ती शंका पुन्हा एकदा, मोठ्याने विचारली गेली असती तर?

हवाई क्षेत्राने हा प्रश्न सोडून दिला नाही. अशा अपघातांच्या अभ्यासातून वैमानिकांसाठी एक वेगळेच प्रशिक्षण आकाराला आले आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ते सुरू केले. कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि कॅप्टनने ती कशी ऐकावी, हे त्यात शिकवले जाते. ‘नम्र व्हा’ असा उपदेश करून ते थांबले नाहीत. बोलणे हे कनिष्ठाचे कर्तव्यच ठरवले.

शस्त्रक्रियागृहात हीच युक्ती आणण्याच्या कामाला मराठी मुलुखाचा एक धागा आहे. विदर्भातील उटी या खेड्यातून शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे चिरंजीव, शल्यविशारद अतुल गावंडे, यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी तयार केली. चिरा देण्यापूर्वी शल्यविशारदापासून परिचारिकेपर्यंत प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा त्यातला एक मुद्दा. वरवर पाहता तो पोरकट वाटतो. पण ज्याने एकदा तोंड उघडले, तो पुढे धोका दिसल्यास बोलण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे गमक. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मला त्याहून गमतीची वाटते ती नंतरची एक पाहणी. सुमारे २० टक्के कर्मचाऱ्यांनी ही यादी गैरसोयीची असल्याचे सांगितले. पण ‘तुमच्यावरच शस्त्रक्रिया व्हायची असेल तर?’ या प्रश्नावर ९३ टक्के जणांना ती हवी होती!

उद्धट बोलण्याचा परिणाम ऐकणाऱ्याच्या बुद्धीवरही होतो. इस्रायलमध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील २४ पथकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. काही पथकांना एका पाहुण्या तज्ज्ञाकडून हलकासा अपमानकारक शेरा ऐकवला गेला. आजारी बाळाचे सोंग घेतलेल्या पुतळ्यावर काम करताना त्या पथकांचे निदानही चुकले आणि हातही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली, मदत कमी मागितली. विमानातला तो इंजिनिअर गप्प बसला, तसेच हेही.

डॉक्टरांची बाजूही मांडायला हवी. बाह्यरुग्ण विभागाबाहेर दीडशे माणसांची रांग असेल, तर प्रत्येकाचे पुराण कोण ऐकणार? शिवाय ज्याचा हात शंकेने थरथरतो, अशा शल्यविशारदाच्या हाती आपण आपले पोट देणार नाही. आत्मविश्वास हवाच. माझ्या लेखी आत्मविश्वासाची खूण एवढीच, की प्रश्न विचारला तर तो चिडत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला सांगितले आहे की ज्ञान असले तरी वैद्याने त्याची फार बढाई मारू नये. आणि शहाण्याला अवघे जग गुरुस्थानी असते. आपल्याकडील वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतही डॉक्टर विनम्र व संयमी असावा, असे शब्द आहेत. पण अमेरिकेतील १९८४ च्या एका अभ्यासात, रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात, असे दिसले होते. आईला तेवढीसुद्धा मिळाली नसावीत.

वाचकहो, आपल्या हाती काय आहे? डॉक्टरांचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. तरी जाताना घरातील औषधांची पिशवीच सोबत न्यावी, डब्यातल्या पट्ट्यांसकट. सर्वांत महत्त्वाची तक्रार सर्वांत आधी सांगावी. गोळी सोसत नसेल तर ती परस्पर बंद करू नये आणि बंद केली असेल तर लपवू नये. ज्येष्ठांना उठताना घेरी येत असेल, तर उभे असतानाचा रक्तदाबही मोजण्याची विनंती करावी. आणि सोबत गेलेल्या माणसाने, डॉक्टरांच्या विनोदावर हसण्याऐवजी, ‘तिचे बोलणे राहिले आहे’ एवढे म्हणावे. हे शेवटचे वाक्य मी स्वतःसाठी लिहितो आहे.

मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर मी आईला आमच्याच भागातील एका तरुण डॉक्टर बाईंकडे नेले. ‘‘गोळ्या घेता ना?’’ असे त्यांनी विचारले नाही. ‘‘आजी, महिन्यात किती वेळा गोळी चुकते?’’ असे विचारले. आईने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग सगळे सांगून टाकले, डब्यासकट. बाईंनी तिला उभे करून पुन्हा रक्तदाब मोजला, पुस्तकात काहीतरी पडताळून पाहिले, ‘‘हे मी एकदा सरांना विचारून उद्या कळवते,’’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तीनपैकी एकच गोळी उरली, तीही निम्म्या मात्रेची. घेरी थांबली.

त्या पहिल्या दिवशी परतताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘बाई चांगली आहे रे. पण सारखी विचारते, पुस्तकात बघते. तिला येतं ना सगळं?’’