घरच्या जॉयस्टिकला वेग कळत नाही

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याआधी, 2024 मध्ये, एअर इंडियाने इथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायचं जाहीर केलं होतं: 34 विमानं, वर्षाला 180 वैमानिक. वऱ्हाडातली जी मुलंमुली त्या आशेने घरच्या सिम्युलेटरवर हात बसवत असतील, त्यांनी आधी जॉयस्टिकची सेन्सिटिव्हिटी नीट लावून घ्यावी. हाताला चुकीचं वळण लागलं, की ते मोडायला फार वेळ जातो.

जॉयस्टिक जरा हलवली की विमानाचं नाक उड्या मारतं, ही पहिली तक्रार. पायपरसारख्या प्रशिक्षण विमानातला योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, चांगला वीतभर मागेपुढे सरकतो. टेबलावरची मूठ मधल्या जागेपासून जेमतेम काही सेंटिमीटर हलते. नाक वरखाली करणाऱ्या एलेव्हेटरची सगळी हालचाल तेवढ्यात बसवायची, म्हणजे हाताची थरथरसुद्धा विमानापर्यंत पोचणार.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सेन्सिटिव्हिटीचा वक्र असतो. समजा, प्रतिसादाचा 40 टक्के भाग सरळ प्रमाणात आणि 60 टक्के घनाच्या प्रमाणात ठेवला. मग मूठ 20 टक्के हलली तरी एलेव्हेटर साडेआठ टक्केच हलतो. हात स्थिर वाटू लागतो. पण मध्ये वाचवलेलं टोकाला भरावंच लागतं: मूठ 80 वरून 90 टक्क्यांवर नेली, की एलेव्हेटर एकदम 17 टक्के सरकतो. धावपट्टीला टेकण्याआधी नाक उचलताना हात बराच मागे येतो आणि नेमका याच भागात जातो. म्हणून वक्र लागेल तेवढाच द्यावा.

डेड झोनही कमीत कमी हवा. पोटेन्शिओमीटरची जुनी जॉयस्टिक झिजून सिग्नल थरथरत असेल तरच तो थोडा वाढवावा. मोठ्या डेड झोनमध्ये हात हलतो, विमान हलत नाही. मग आपण आणखी ढकलतो, नाक एकदम खाली जातं, आपण उलटं ओढतो आणि विमान झोके घेऊ लागतं.

खरी उणीव मात्र वक्राने भरून निघत नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 नॉटला एलेव्हेटर जितका हलवला तितकाच 120 नॉटला हलवायला चौपट जोर लागतो. वैमानिकाला वेग असा हातातच कळतो. घरच्या स्प्रिंगचा जोर मात्र तोच राहतो. म्हणून इथे डोळा वेगाच्या काट्यावर ठेवायची सवय लावावी.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही सवय खऱ्या विमानातही लागेल. अकोल्यात 45 अंशांना हवा इतकी विरळ होते, की काटा 65 नॉट दाखवत असताना विमानाचा खरा वेग सात टक्क्यांनी जास्त असतो. हाताला फरक जाणवत नाही, पण थांबायला अंतर जास्त लागतं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी बेलोऱ्याच्या 1850 मीटरपेक्षा आखूड आहे, हे विसरू नये.

स्प्रिंगची अडचण ट्रिमलाही येते. खऱ्या विमानात योक हवा तिथे धरून ट्रिम फिरवला, की हातावरचा भार जातो आणि योक तिथेच राहतो. साधी जॉयस्टिक मात्र स्प्रिंगमुळे मध्येच परतते. म्हणून ट्रिम फिरवता फिरवता मूठ हळूहळू मध्ये सोडायची.

सेटिंग तपासायला सिम्युलेटरमध्ये बेलोऱ्यावर शांत हवा निवडा. 90 नॉटला सपाट उडत ट्रिम करा, हात सोडा, मग 30 अंश कलून पूर्ण वळसा घ्या. उंची 100 फुटांच्या आत राखता येत नसेल तर वक्र थोडा बदला आणि तोच वळसा पुन्हा घ्या. एका वेळी एकच आकडा बदला.