उभ्या बसची झीज

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या संस्थेचा, दफ्तरी इतिहास बाजूस ठेवून संपादकांनी फर्मावले ते तिने केपीआयटी कंपनीसह घडविलेल्या आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी लोकांपुढे आलेल्या हायड्रोजन बसविषयी लिहिण्याचे; परंतु माझे लक्ष जडले ते अशा बसच्या इंधनघटातील पटलावर.

मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही पातळ असे हे फ्लोरिनयुक्त पटल एका बाजूच्या हायड्रोजनास दुसऱ्या बाजूच्या प्राणवायूपासून विलग ठेवते आणि परवाना देते तो केवळ प्रोटॉनांना. तरीही प्राणवायू किंचित झिरपतोच. प्लॅटिनमच्या पृष्ठावर हायड्रोजनशी त्याची गाठ पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड उपजते, आणि पोलादी भागांतून विरघळलेले लोह तेथे पोहोचले असेल, तर फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या विक्रियेने त्यातून हायड्रॉक्सिल मूलक सुटतात. रेणूच्या साखळीचे जे टोक फ्लोरिनने पुरते झाकलेले नसते, तेथे हे मूलक डसतात आणि मग कडीमागून कडी उसवत जाते. निसटलेला फ्लोरिन हायड्रोफ्लोरिक आम्ल होऊन बाहेरच्या पाण्यात उतरतो, म्हणून त्या पाण्यातील फ्लोराइड मोजणे हीच पटलाची नाडीपरीक्षा. दुर्दैव असे की तेच आम्ल पोलाद झिजवून नवे लोह पुरविते.

विलक्षण हे की, बस भार ओढत असताना नव्हे, तर वीज न देता घट नुसता तापत उभा असताना हा क्षय अधिक होतो, कारण खर्ची न पडलेले वायू आरपार जास्त झिरपतात. त्यात हवा कोरडी असली तर पाहायलाच नको! कताई खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट राखणाऱ्या गिरण्या १८७७ पासून पाहिलेल्या सोलापूरकराला या पटलाची तहान सांगावी लागत नाही.

वैशाखात आमच्याकडे पारा बेचाळिसाच्या वर जातो, आणि सत्तर-ऐंशी अंशांवर चालणाऱ्या घटाची उष्णता अशा हवेत टाकणे दुष्कर. उष्णता साचली की पटल वाळते. पटलात मिसळलेला सेरियम मूलकांना गिळतो खरा, परंतु तो जागचा हलतो आणि जेथून सरकला तेथे पटल निराधार होते. पोलादाऐवजी टायटॅनियम वापरावे तर किंमत चढते. वाटेत टेंभुर्णीला चहासाठी थांबताना घट बंदच करावा म्हटले, तर वारंवारच्या बंद-चालूने प्लॅटिनमला धरून ठेवणारा कार्बनच झिजू लागतो.