कधी लागतो, कधी लागत नाही

‘घाट उतरताना मागचा ब्रेक लागलाच नाही. पेडल नुसते खाली गेले. दहा मिनिटे थांबलो, तर पुन्हा व्यवस्थित!’ मोटरसायकल चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक पेडल दाबून पाहतो, एक चक्कर मारतो आणि म्हणतो, ‘ब्रेक ओके आहे.’ तो खोटे बोलत नसतो. त्या क्षणी ब्रेक खरोखरच चांगला असतो.

अशा लपंडाव खेळणाऱ्या दुखण्यांशी आम्हा डॉक्टरांची रोज गाठ पडते. छातीत अधूनमधून धडधडते म्हणणाऱ्या रुग्णाचा ईसीजी अनेकदा नॉर्मल येतो. फिट येऊन गेलेला माणूस काही तासांनी ठणठणीत दिसतो. म्हणून आजारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. गरज पडली तर २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारे हॉल्टर यंत्र लावतो. पण त्याआधी विचारतो, केव्हा होते? काय करत असताना? किती वेळ टिकते? कशाने थांबते? अधूनमधून दगा देणाऱ्या ब्रेकचे निदानही याच प्रश्नांनी होते.

तापल्यावर ब्रेक जातो आणि थंड झाल्यावर परत येतो, हा सर्वात महत्त्वाचा प्रकार. ब्रेक वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलतो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन १००० मीटर खाली उतरले, तर सुमारे २० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्यात सहा लिटर पाणी उकळीला येईल. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाणारा याहून जास्त उंची उतरतो. यातला काही भार हवा आणि इंजिन घेतात. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि घसरण्याच्या भीतीने पुढचा ब्रेक वापरलाच नाही, तर बहुतेक सगळी उष्णता मागच्या चाकात साठते.

मागे डिस्क ब्रेक असेल, तर ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबाने आकसत नाही, वाफ मात्र आकसते. त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पुरावा नाहीसा होतो.

घाट नसतानाही असे होत असेल, तर ब्रेक सतत घासतो आहे का, हे पाहावे. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे पेडलला थोडीही मोकळी चाल नसणे. मग मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते. तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परतता येत नाही, ब्रेक आणखी घट्ट धरतो आणि आणखी तापतो. पाच किलोमीटर सपाट रस्त्यावर मागचा ब्रेक जवळजवळ न वापरता जा. मग चाकाजवळ हात न्या, स्पर्श करू नका. चांगलीच धग लागली, तर निदान जवळपास झाले.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर ब्रेक कमी लागत असेल आणि गाडी मागे ड्रम ब्रेकची असेल, तर आत पाणी शिरत असावे. लायनरला तेल किंवा ग्रीस लागले असेल, तर मात्र तो वाळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. घाटात तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जाते. असा ड्रम उघडताना आतली धूळ फुंकून किंवा कंप्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे.

पहिल्यांदा दाबल्यावर पेडल रिकामे जाते, दुसऱ्यांदा ब्रेक धरतो? डिस्क वाकडी झाली आहे का किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का, ते तपासावे. डिस्क डगमगली की पॅड मागे ढकलले जातात. नळीत हवा असली तरी पेडल स्पंजासारखे लागते आणि भराभर दाबल्यावर सुधारते. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबरी सील संशयित.

म्हणून गॅरेजमध्ये जाताना ‘ब्रेक नीट बघा’ एवढेच सांगू नका. किती किलोमीटरनंतर, कोरड्यात की पावसात, पेडल मऊ की कडक, किती वेळाने सुधारला, हे लिहून न्या. शक्य असेल तर दोष ज्या स्थितीत दिसतो, त्याच स्थितीत तपासणी करून घ्या. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदला आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच वापरा.

रस्त्यात ब्रेक गेला, तर खालच्या गिअरमध्ये या, पुढचा ब्रेक हळूहळू दाबा, पेडल भराभर मारून पाहा आणि कडेला थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. आणि थंड होऊन ब्रेक परत आला, तरी तो बरा झाला असे समजू नका. कारण सापडेपर्यंत त्या गाडीवर कोणाला मागे बसवू नका आणि घाटात तर नेऊच नका.