दातिवऱ्याची वेलांटी

वैतरणा खाडीच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर दातिवरे आहे. या गावाचं नाव मोबाइलवर टाइप करून बघा. द, काना, त, पहिली वेलांटी, व, र, मात्रा. चिन्हं सात, अक्षरं चार. दिसताना वेलांटी त-च्या डावीकडे दिसते, पण दाबायची त-नंतर. भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या 1991च्या मानकानं चिन्हं उच्चाराच्या क्रमानं साठवायची असं ठरवलं, आणि युनिकोडमध्येही तोच क्रम आहे.

ही सात चिन्हं वाचून त्यांची अक्षरं पाडतं ते संगणनशास्त्रातलं सर्वांत साधं यंत्र, फायनाइट ऑटोमॅटन. त्याच्याकडे टिपून ठेवायला वही नाही. आपण आत्ता कोणत्या स्थितीत आहोत, एवढंच त्याला ठाऊक असतं. व्यंजन आलं की एक स्थिती, पाय मोडला की दुसरी, काना-वेलांटी लागली की तिसरी. मोडल्या पायानंतर व्यंजन आलं तर जोडाक्षर बनतं. ओळीच्या सुरुवातीलाच वेलांटी दाबली तर तिला बसायला व्यंजनच नसतं. मग ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ हा यंत्राचा नकार.

अशा यंत्राला ओळखता येतील त्या शब्दांच्या समूहाला 'नियमित भाषा' म्हणतात. स्टीफन क्लीनीनं त्यांचा सिद्धांत 1956 साली प्रसिद्ध केला. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवणारं 'हार्फबझ' देवनागरीचं अक्षर अशाच स्थितियंत्रानं ओळखतं.

मराठीनं त्यात आपली एक भर घातली आहे. समुद्र तो 'दर्या', डोंगरातल्या त्या 'दऱ्या'. दोन्हीकडे र-चा पाय मोडून य जोडला आहे. पण एकात रफार वर चढतो, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा र येतो. म्हणून या दुसऱ्या र-ला वेगळं चिन्ह लागतं. पाय मोडला तेव्हा र कोणता होता, हे यंत्राला लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी स्थिती वाढतात, पण मोजक्याच.

मोजकेपणाची सीमा बंदरावर कळते. पहाटे जितक्या होड्या बाहेर पडल्या तितक्याच परतल्या का, हे या यंत्राला विचारा. समजा, त्याच्या स्थिती पाच आहेत. शून्यापासून पाचपर्यंत होड्यांच्या शक्यता मात्र सहा. म्हणजे निदान दोन वेगळ्या संख्यांना यंत्र एकाच स्थितीत येणार, आणि त्यानंतर त्या दोन संख्यांमधला फरक त्याला कधीच सांगता येणार नाही. स्थिती हजार केल्या तरी हजार होड्यांशी हेच होणार. किनाऱ्यावर होडीमागे एक खडा ठेवणारा माणूस इथे यंत्राच्या पुढे जातो, कारण त्याच्याकडे खडे आहेत.

अ‍ॅलन ट्युरिंगनं 1936 साली यंत्राला हवी तितकी लांब पट्टी दिली: लिहा, पुसा, मागे जा. आजचा कोणताही संगणक तत्त्वतः करू शकेल ते सारं हे यंत्र करतं. पण असं कोणतंही यंत्र कधी थांबेल का, हे आधीच सांगणारी एक सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हेही त्याच विचारातून सिद्ध झालं. अक्षरांचं यंत्र शेवटच्या चिन्हावर थांबतंच. म्हणून मला ते दुबळं वाटत नाही, भरवशाचं वाटतं.

पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा ए आणि बी यांच्या माळांनी सुरू होतो. पालघर-बोईसरच्या मुलांना तो शिकवणाऱ्यांना विनंती आहे: पहिल्या तासाला फळ्यावर 'दातिवरे' लिहा आणि मुलांना त्याच्या स्थिती काढू द्या. मग 'दातिवऱ्याला' लिहा.