पहिली मोटार लीजवर घेताना

नोकरी लागली की पहिल्या मोटारीचा विचार सुरू होतो. कोंढवा, कॅम्प, नाना पेठेतून हिंजवडी वा खराडीला रोज जाणाऱ्या तरुणांची ही इच्छा गैर नाही. परंतु बँकेचे कर्ज म्हटले की व्याज आले. म्हणून काही जण 'लीज'कडे, म्हणजेच भाडेकराराकडे वळतात. मोठी रक्कम आधी भरायची नाही, दरमहा भाडे द्यायचे व गाडी वापरायची. ह्युंदाईने 2019 साली व मारुती सुझुकीने 2020 साली अशा मासिक भाड्याच्या योजना पुण्यात आणल्या होत्या. लीज म्हणजे व्याज नाहीच, असे समजून सही करणारे तरुण आमच्या पाहण्यात आहेत. हा समज तपासून घेतला पाहिजे.

भाडेकराराचे मूळ तत्त्व पुणेकरांना रिक्षाच्या उदाहरणाने चटकन समजेल. शिफ्टवर रिक्षा चालविणारा मालकाला ठरलेली रक्कम देतो, इंधन स्वतः भरतो. इंजिनचे मोठे काम किंवा विमा हे सर्वसाधारणपणे मालकाकडे असते. शरीअतमध्ये ज्याला 'इजारा' म्हणतात तो मुळात हाच व्यवहार होय. वस्तू मालकाची, वापर भाडेकरूचा. मालकीचा धोका मालक सोसतो, म्हणूनच त्याला भाडे घेता येते.

मोटारीच्या लीजचे मुख्य प्रकार दोन. ऑपरेटिंग लीजमध्ये मुदत संपताच गाडी परत जाते. विमा व देखभाल बहुधा कंपनी पाहते. फायनान्स लीजमध्ये गाडीची जवळजवळ सर्व किंमत नफ्यासह हप्त्यांतून वसूल होते आणि दुरुस्ती, विमा, नुकसान हे सारे भाडेकरूच्या माथी पडते. अशा वेळी नाव भाड्याचे, पण काम कर्जाचे असते. भाडे व विक्री हे दोन करार एकाच वेळी एकाच वस्तूवर लादणे आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 2000 सालच्या रियाध अधिवेशनात अमान्य केले. दोन्ही करार वेगळे असावेत व नुकसानीची जबाबदारी मालकावर असावी, अशी तिची अट आहे. मलेशिया व पाकिस्तानात इस्लामी बँका इजाराने मोटारी देतात. आपल्याकडे मात्र इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा निर्णय 2017 साली जाहीर झाला. तेव्हा प्रत्येक करार स्वतः वाचणे आणि शंका आल्यास जाणकार मुफ्तींना दाखविणे, हाच मार्ग उरतो.

आता हिशोब पाहू. समजा, भाडे दरमहा 15,000 रुपये आणि मुदत 36 महिने. एकूण 5,40,000 रुपये जातील आणि शेवटी गाडी तुमची नसेल. विमा, सर्व्हिसिंग व रोड टॅक्स त्यात धरलेले असतील तर सौदा महाग असेलच असे नाही. ते वेगळे भरायचे असतील तर दहा वेळा विचार करा. किलोमीटरची मर्यादाही पाहा. कोंढव्याहून हिंजवडीला जाऊन-येऊन 50 किलोमीटर धरले तरी 24 दिवसांत 1,200 होतात. करारात महिन्याला 1,000 असतील तर वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडतील. नोकरी सुटली आणि गाडी मुदतीपूर्वी परत केली तर किती भरावे लागेल, हेही आधीच विचारा. उशिराचा दंड थकबाकीवर दरमहा टक्क्यांनी वाढत असेल, तर ते व्याजच समजावे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा 1988 नुसार लीजच्या गाडीचा ताबा ज्याच्याकडे, तोच 'मालक' मानला जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मे 2024 मधील कल्याणीनगरचा अपघात पुणेकर विसरलेले नाहीत. म्हणून किल्ली धाकट्या भावाच्या हाती पडू देऊ नका.

कंपनी जामीनदार मागते तेव्हा वडील किंवा थोरले भाऊ पुढे होतात. ही सही औपचारिक नसते. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. मुलाचे हप्ते थकले तर वडिलांच्या निवृत्तीच्या पैशावर गदा येऊ शकते.

सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले वाचणे हे त्यातच आले. गाडीचे नुकसान कोण सोसणार, मुदतीपूर्वी सुटका कशी होणार आणि शेवटी गाडी कोणाची होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे करारात सापडली नाहीत, तर सही करू नये. त्यापेक्षा दरमहा तीच रक्कम बाजूला टाकून दोन-तीन वर्षांनी चांगली जुनी गाडी रोखीने घ्यावी, असे आमचे मत आहे. तोवर पीएमपीची बस आहेच.